पानाखालची जागा

स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने पेनड्राइव्ह लावला. पहिलं पान स्क्रीनवर आलं तसा तो थबकला. "अंकल, कुठल्या कोर्टाचे कागद हे? वाचतापण येत नाहीत."

"मेक्सिकोचे," मी म्हटलं. "दोन्ही बाजूंनी काढ. आणि खाली जागा जरा जास्त सोड, मला लिहायला लागेल."

त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्या वसईत जमिनीचे जुने कागद घेऊन फिरणारी माणसं रोज दिसतात. कुणाचा फेरफार, कुणाचा सातबारा, कुणाच्या आजोबांचं मृत्युपत्र. त्या रांगेत त्या दिवशी १६०९ सालचं एक स्पॅनिश पुस्तक उभं होतं. तासाभरात ते स्पायरलमध्ये बांधून, वर प्लास्टिकचं कव्हर चढवून माझ्या हातात आलं. मूळ प्रत मोजक्या ग्रंथालयांत कुलपाआड असते. ती उघडायला आधी अर्ज करावा लागतो आणि मग हात स्वच्छ धुऊन बसावं लागतं. माझी प्रत मी दुसऱ्याच दिवशी चहाच्या कपाखाली ठेवली.

पुस्तकाचं नाव 'सुसेसोस दे लास इस्लास फिलिपिनास', म्हणजे फिलिपाइन बेटांवरच्या घडामोडी. लेखक डॉक्टर आंतोनिओ दे मोर्गा. हा डॉक्टर औषधांचा नव्हे, कायद्याचा. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये १५५९ ला जन्मला, सालामांकात शिकला. १५९५ मध्ये गव्हर्नरचा दुय्यम म्हणून मनिलाला आला. १५९८ मध्ये तिथलं वरिष्ठ न्यायालय पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याचा न्यायाधीश झाला. १६०३ मध्ये बदली होऊन मेक्सिकोला गेला आणि तिथे सहा वर्षांनी हे पुस्तक छापलं. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या कीतोला मोठ्या हुद्द्यावर गेला आणि १६३६ मध्ये तिथेच वारला. मनिलातली त्याची वर्षं जेमतेम आठ. पण त्या काळात बेटांवर कोण आलं, कोण गेलं, कुणी कुणाला मारलं, कुठलं जहाज कुठे बुडालं, हे सगळं त्याच्या टेबलावरून गेलं. त्या वेळी फिलिपाइन्सबद्दल लिहिणारे बहुतेक सगळे मिशनरी. मोर्गा कचेरीतला माणूस, त्यामुळे चमत्कारांपेक्षा त्याचं लक्ष हिशेबाकडे अधिक.

खरं सांगायचं तर आठ प्रकरणांपैकी पहिली सात म्हणजे एकामागून एक गव्हर्नरांची जंत्री आहे, आणि ती वाचताना माझा तीनदा तरी डोळा लागला. सोनं आहे ते आठव्या प्रकरणात. तिथे हा न्यायाधीश अचानक खिडकीबाहेर बघायला लागतो. लोक कसे राहतात, काय नेसतात, नदीत दिवसातून कितीदा डुंबतात, भात कसा कांडतात. पान, सुपारी आणि चुना यांचा विडा कसा करतात आणि मनिलातले स्पॅनिश लोकही तो कसे चघळायला लागले, यावर तर तो असा रंगून लिहितो, की त्याच्याही गालात एखादा विडा असावा अशी मला शंका आहे.

मुखपृष्ठावर लेखकाच्या खालोखाल आणखी एक नाव आहे, कोर्नेलिओ आद्रियानो सेसार. हा छापणारा. त्याच्या नावापाशी मी बराच वेळ थांबलो. हा माणूस मूळचा हार्लेमचा, म्हणजे डच. मेक्सिकोत ल्यूथरपंथी म्हणून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याला धरलं, खटला चालवला आणि १६०१ मध्ये जाहीर शिक्षा सुनावली. आणि आठ वर्षांनी त्याच हातांनी या पुस्तकाचे खिळे जुळवले. या पुस्तकातला सगळ्यात मोठा प्रसंग कुठला, तर स्पॅनिश न्यायाधीश डच चाच्यांशी समुद्रात लढतो तो. आपल्याच मुलखाच्या लोकांना शत्रू आणि पाखंडी म्हणणाऱ्या ओळी एकेक अक्षर उलटं लावून जुळवताना त्याच्या मनात काय चाललं असेल, ते पुस्तकात छापलेलं नाही. खिळे जुळवणाऱ्याला पानाखाली जागा नसते.

१६०९ मध्ये मेक्सिकोचा, मनिलाचा, गोव्याचा आणि आमच्या वसईचा राजा एकच होता, स्पेनचा तिसरा फिलिप. १५८० नंतर पोर्तुगालचं सिंहासन स्पेनच्या राजाकडे गेलं ते थेट १६४० पर्यंत, आणि त्या साठ वर्षांत वसईच्या किल्ल्यावरून निघालेली अर्जी कागदोपत्री शेवटी माद्रिदच्याच दरबाराची. मोर्गाच्या पुस्तकानंतर सात वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्याकडच्या साष्टीतल्या रायतूरला फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही याच राजाच्या अमलात. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. मराठीचं कौतुक करणारं ते पुराण हस्तलिखितांच्या नकलांवर जगलं. म्हणजे मोर्गा दुर्मीळ तर आमचा स्टीफन्स त्याहून दुर्मीळ, असं मी बायकोला अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, हरवण्यात कसला आलाय अभिमान.

मी एकतीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर होतो. या पुस्तकाकडे मी आलो तो इतिहासाच्या वाटेने नाही, मासळीच्या वासाने.

सेकंड इंजिनिअर असतानाची गोष्ट. बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज होतं, अधिकारी आम्ही भारतीय आणि खलाशी सगळे फिलिपिनो. मुख्य आचारी पाम्पांगाचा, इंजिनरूममधला माझा ऑइलर बातांगासचा. सिंगापूरला सामान चढलं तेव्हा त्यात कच्च्या आंब्यांची पेटी आणि गुलाबी-तपकिरी रंगाच्या लगद्याच्या बरण्या होत्या. त्या रात्री खलाशांच्या मेसमध्ये मेजवानी झाली. कैरीच्या फोडी त्या लगद्यात बुडवायच्या आणि डोळे मिटून खायच्या. त्या लगद्याचं नाव बागोओंग. बारीक कोळंबी किंवा छोटे मासे मिठात मुरवून करतात. आपल्याकडचा जवळा वाळवायच्या ऐवजी मिठात घालून महिनोन्‌महिने ठेवला तर जे होईल, ते.

वास अर्थातच आला. एसीच्या नळीतून अधिकाऱ्यांच्या केबिनपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी आमच्या मेसमध्ये नाकं मुरडली गेली. कुणी म्हणालं सडकं खातात, कुणी म्हणालं उंदीर मेलाय वाटलं. दोन दिवसांनी नोटीस लागली, की उग्र वासाचे पदार्थ मेसमध्ये खाऊ नयेत. त्यानंतर ऑइलर आणि त्याचे सोबती वॉच संपल्यावर ताटल्या घेऊन जहाजाच्या मागच्या उघड्या डेकवर जायचे आणि वाऱ्याकडे पाठ करून जेवायचे.

मी काही बोललो नाही. माझं बालपण पाचूबंदरच्या किनाऱ्यावर गेलं. तिथे बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असायचे आणि त्यांचा वास आमच्या दप्तरांना, केसांना, रविवारच्या कपड्यांनाही लागायचा. मुंबईला शिकायला गेलो तेव्हा आईने दिलेला सुकटीचा डबा मी होस्टेलच्या खोलीत उघडला आणि त्या वर्षभर मला कोणत्या नावाने हाक मारत ते इथे लिहीत नाही. त्यामुळे त्या नोटिशीविरुद्ध बोलायचा पहिला हक्क त्या मेसमध्ये माझा होता. मी डाळ-भात खाल्ला आणि उठलो.

ऑइलरने मात्र माझ्याशी वागणं बदललं नाही. रात्री बारा ते चारच्या वॉचला तो मला रिसालच्या गोष्टी सांगायचा. होसे रिसाल, त्यांचा राष्ट्रपुरुष. १९५६ च्या कायद्याने तिथे रिसालचं चरित्र आणि त्याच्या कादंबऱ्या सक्तीने शिकवतात. सक्तीचा विषय असूनही या माणसाला तो आवडलेला होता, हे विशेष. डोळ्यांचा डॉक्टर, कवी, कादंबरीकार, तलवारबाज. स्पॅनिशांनी ३० डिसेंबर १८९६ ला मनिलात गोळ्या घालून मारला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. हे सगळं त्याने सांगितलं. मोर्गाचं नाव त्याने कधी काढलं नाही. शाळेत कादंबऱ्या असतात, तळटिपा नसतात.

तळटिपांपर्यंत मी पोचलो निवृत्तीनंतर, एका पावसाळ्यात इंटरनेटवर भटकता भटकता.

रिसालची पहिली कादंबरी १८८७ मध्ये बर्लिनला छापली गेली. तिने मनिलातल्या धर्मगुरूंचा असा संताप झाला की घरच्यांच्या काळजीपोटी त्याला पुन्हा देश सोडावा लागला. १८८८ च्या मे महिन्यात तो लंडनला आला आणि प्रिमरोज हिलजवळ चॅलकॉट क्रेसेंटवर एका कुटुंबात भाड्याने राहिला. वय सव्वीस. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयाचे प्रमुख तेव्हा राइनहोल्ड रॉस्ट होते, संस्कृत आणि मलय भाषांचे पंडित. त्यांचा आणि रिसालचा चांगला घरोबा जमला. ऑगस्टपासून रिसाल ब्रिटिश म्युझियमच्या गोल घुमटाखालच्या वाचनालयात जाऊ लागला. तिथे मोर्गा होता.

पुस्तक घरी नेता येत नाही, झेरॉक्स नाही, मोबाइलचा कॅमेरा नाही. रिसालने ते पुस्तक हाताने उतरवून काढलं. सगळं. ती सात कंटाळवाणी प्रकरणंसुद्धा. मला ज्यांत डुलकी लागली त्या प्रत्येक गव्हर्नराचं नाव त्याने दौतीत टाक बुडवून लिहिलं. आपल्याकडे पोथी उतरवणारे शेवटी लिहीत, की पाठ, मान आणि कंबर मोडून, नजर खाली लावून हे कष्टाने लिहिलंय, जपून ठेवा. लंडनच्या धुक्यात डोळे ताणणारा हा नेत्रवैद्य मला त्याच पंगतीतला वाटतो.

तसं पाहिलं तर मोर्गाचं इंग्रजी भाषांतर १८६८ मध्येच लंडनला झालं होतं. करणारा लॉर्ड स्टॅनली, इस्लाम स्वीकारलेला इंग्रज उमराव, त्याच्यावरच एक वेगळा लेख होईल. पण रिसालला हवा होता मूळ स्पॅनिश मजकूर, आपल्या माणसांच्या हातात देता येईल असा. स्पॅनिश ही सत्तेची भाषा होती आणि शिकलेल्या फिलिपिनोंची वाचायची भाषाही तीच. नक्कल झाल्यावर त्याने ओळींच्या खाली टिपा लिहायला सुरुवात केली. छपाईचा खर्च उचलायचं एका देशबांधवाने कबूल केलं होतं, ते ऐनवेळी फिसकटलं. मग तो पॅरिसला गेला आणि स्वतःच्या हिमतीवर गार्निए बंधूंकडून पुस्तक काढलं. त्यावर साल आहे १८९०.

सुरुवातीला फिलिपिनोंना उद्देशून त्याने दोन शब्द लिहिलेत. आधीच्या कादंबरीत मी देशाचा वर्तमान दाखवायला घेतला, पण मग लक्षात आलं की भूतकाळ ठाऊक नसेल तर वर्तमान तोलता येत नाही, असा त्याचा आशय. आणि भूतकाळ सांगायला साक्षीदार कोण, तर राज्यकर्त्यांचाच न्यायाधीश. मला यात वकिली डावपेच दिसतो. विरुद्ध पक्षाचाच साक्षीदार पिंजऱ्यात उभा करायचा, त्याला सगळं बोलू द्यायचं आणि मग एकेका वाक्यावर उलटतपासणी घ्यायची. झेरॉक्सवाला पोरगा बरोबर बोलला होता. कोर्टाचेच कागद आहेत.

आणि आता मासळी.

आठव्या प्रकरणात मोर्गा तिथल्या जेवणाबद्दल लिहितो. लाकडी उखळात कांडलेला भात, उकडलेली मासळी, डुकराचं, हरणाचं, रेड्याचं मांस. मग म्हणतो, की मांस असो वा मासळी, ती कुजायला लागून वास येऊ लागला की त्यांना अधिक आवडते. एवढं एकच वाक्य. जहाजावरच्या आमच्या मेसमध्ये निघालेल्या वाक्यांहून ते फारसं वेगळं नाही.

त्याच्याखाली रिसालची टीप आहे. सवय नसलेल्या अन्नाची किळस प्रत्येक राष्ट्राला येते, स्पॅनिशांनाही येते. मोर्गा ज्या मासळीबद्दल बोलतोय ती कुजत आल्यावर चवदार लागते हे खोटं, उलटच आहे. तिचं नाव बागोओंग. ज्यांनी ती खाल्ली आहे, चाखली आहे, त्यांना पक्कं ठाऊक आहे की ती कुजकी नसते आणि असूही नये.

ते वाचून मी खुर्चीतून उठलो आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. ब्रिटिश म्युझियममध्ये बसलेला, पाच-सहा भाषा येणारा, साम्राज्याशी वाद घालायला निघालेला माणूस, आणि तो थांबतो कुठे, तर बरणीतल्या माशांच्या लगद्यापाशी. राजकारणाच्या पुस्तकात आईच्या स्वयंपाकघराची बाजू मांडतो. आणि भाषाही कशी, तर डॉक्टरसाहेब, तुम्ही खाल्लेलं नाही, आम्ही खाल्लंय, एवढीच. वीस वर्षांपूर्वीच्या त्या नोटिशीखाली ही टीप चिकटवायला हवी होती. चिकटवायला मी होतो, पण मी डाळ-भात खात होतो.

रिसालच्या सगळ्या टिपा मला अशा आवडत नाहीत. काही ठिकाणी तो फार जोरात ओढतो. स्पॅनिश यायच्या आधी आमच्याकडे तोफा ओतल्या जात, प्रचंड जहाजं बांधली जात, व्यापार होता, सुबत्ता होती आणि मग सगळं लयाला गेलं, असं त्याला जागोजागी सिद्ध करायचं असतं. त्यातलं बरंचसं मोर्गाच्याच मजकुरातून निघतं, पण काही ठिकाणी पुराव्यापेक्षा इच्छा मोठी झालेली दिसते. सुवर्णयुगाची हाव आपल्याला अनोळखी नाही. परकी सत्ता छातीवर बसलेली असताना 'पूर्वी आम्ही मोठे होतो' हे वाक्य औषधासारखं लागतं, आणि औषधाची सवयही लागते.

पण याबाबत रिसालने एक गोष्ट केली, तिच्यापुढे मी गप्प होतो. प्रस्तावना त्याने आपल्या जिवलग मित्राकडून घेतली. फर्डिनांड ब्लुमेंट्रिट, बोहेमियातल्या लाइटमेरिट्झ गावचा शाळामास्तर. आयुष्यभर फिलिपाइन्सवर लिहिलं, आयुष्यात फिलिपाइन्सला गेला नाही. या मास्तरने प्रस्तावनेत मोर्गाचं पुस्तक इतकं दुर्मीळ असल्याचं सांगितलंय, की ज्या थोड्या ग्रंथालयांत ते आहे ती इंका राजांच्या खजिन्यासारखं त्याला जपतात. मित्राच्या कष्टांचं तोंड भरून कौतुक केलंय. आणि मग सरळ लिहिलंय, की तू सोळाव्या शतकातल्या माणसांना आजच्या मापाने मोजतोस हे चूक आहे, आणि चर्चवर तू घेतलेलं तोंडसुख मला पटत नाही. रिसालने ती प्रस्तावना आपल्याच पुस्तकाच्या तोंडावर छापली. आपल्याकडे पुस्तकाची प्रस्तावना म्हणजे लग्नातलं मंगलाष्टक असतं. त्यात वराचे दोष वाचून दाखवायची पद्धत नाही.

मराठीत असं उलट उत्तर देणं रिसालच्या आधी घडून गेलं होतं. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा, आणि त्यावर पुण्यात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने टीका लिहिली ती १८६० च्या दशकात, तोही विद्यार्थीच. कीर्तन्यांनी वेगळा निबंध लिहिला. रिसालने मूळ पुस्तकच उचललं आणि त्याच्याच पायाशी बसून लिहिलं. मला ही बसायची जागा महत्त्वाची वाटते. वेगळं पुस्तक लिहिलं तर लोक एक वाचतील, दुसरं सोडतील. टीप सोडता येत नाही. मोर्गा वाचायचा तर खाली रिसाल आहेच.

त्याचा उपयोग किती झाला? प्रती मनिलाला पाठवल्या तशा जप्त झाल्या, नष्ट झाल्या, बंदी आली. म्हणजे एका दुर्मीळ पुस्तकाला सर्वांच्या हाती द्यायला निघालेली आवृत्ती स्वतःच दुर्मीळ झाली.

आठव्या प्रकरणात आणखी एक जागा आहे. मोर्गा म्हणतो, इथले लोक, बाया आणि पुरुष, जवळजवळ सगळे लिहितात आणि नीट लिहितात. न येणारा क्वचितच. सोळाव्या शतकातल्या सेव्हिलबद्दल त्याला असं लिहिता आलं असतं का, याची मला शंका आहे. मग लिपीचं वर्णन करतो. अक्षरं पंधरा, त्यांत तीन स्वर. आणि दिसायला कशी, तर ग्रीकांच्या किंवा अरबांच्या अक्षरांसारखी. बिचाऱ्याच्या पोतडीत परकी म्हणून तेवढ्याच लिप्या होत्या.

ही लिपी म्हणजे बायबायिन. मी तिचा तक्ता शोधून काढला आणि हसायलाच लागलो. 'क'ला काही लावलं नाही तर तो 'क'च, पोटात 'अ' धरून. वर टिंब दिलं की 'कि' किंवा 'के'. खाली दिलं की 'को' किंवा 'कु'. ही तर बाराखडी! थोडी आखूड, काटकसरीने चालवलेली, पण बाराखडीच. अभ्यासक तिला ब्राह्मीच्याच गोतावळ्यात धरतात, म्हणजे आपल्या देवनागरीची समुद्रापलीकडची चुलत बहीण. नातीला मी ती तक्त्यावर शिकवली. वीस मिनिटांत तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि विचारलं, "आजोबा, यात 'ट' कुठंय?" नाहीये. असो.

मनिलाला मी कामानिमित्त अनेकदा गेलो, पण नोकरीत बंदर म्हणजे क्रेन, बंकर आणि सह्या. निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम गेलो. जिथे रिसालला मारलं ते मैदान आता त्याच्याच नावाचं उद्यान आहे आणि त्याला लागून राष्ट्रीय संग्रहालय. आत एका दालनात मोर्गाचं जहाज आहे. म्हणजे जहाज नाही, त्याच्या पोटातलं सामान.

तो डच चाच्यांचा प्रसंग असा. १६०० च्या अखेरीस ऑलिव्हर फान नोर्ट दोन जहाजं घेऊन मनिलाच्या तोंडाशी येऊन बसला. लढायला योग्य जहाज नाही, सेनापती नाही, म्हणून गव्हर्नरने न्यायाधीशाला पाठवलं. मोर्गाने 'सान दिएगो' नावाचं व्यापारी जहाज तोफा चढवून तयार केलं. १४ डिसेंबरला गाठ पडली. एक डच जहाज स्पॅनिशांच्या हाती लागलं, फान नोर्ट दुसऱ्यातून निसटला आणि सान दिएगो बुडालं. मोर्गा लिहितो, की शत्रूचे झेंडे बरोबर घेऊन तो चार तास पोहत राहिला आणि फॉर्च्युन नावाच्या छोट्या ओसाड बेटाला लागला. जहाजावर आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, डिसेंबरच्या समुद्रात झेंडे घेऊन चार तास पोहणाऱ्या वकिलाला मी आधी दोन प्रश्न विचारीन. डचांनी लिहिलेल्या हकिगतीत तो इतका शूर दिसत नाही.

रिसालला दोन्ही बाजूंचे कागदच होते. आम्हाला तिसरा साक्षीदार मिळाला. १९९१ मध्ये फ्रांक गोदिओ या फ्रेंच संशोधकाच्या पथकाला त्याच बेटाजवळ साधारण पन्नास मीटर खोलीवर सान दिएगो सापडलं. चौतीस हजारांहून जास्त वस्तू वर आल्या. निळ्या नक्षीची चिनी भांडी, पुरुषभर पोटाचे मातीचे रांजण, तोफा, नौकानयनाचं यंत्र, जपानी तलवारींच्या मुठींच्या चकत्या, कारण मोर्गाने भाडोत्री जपानी शिपाईही घेतले होते. मी काचेसमोर उभा राहून मनात भार मोजायला लागलो, सवयच ती. लढाईला निघालेल्या जहाजात इतके रांजण कशाला? जहाज भाराने इतकं दबलेलं होतं की तोफांच्या खिडक्या उघडणं कठीण झालं, असं सांगतात. आमच्या भाषेत, लोडिंग चुकलं. न्यायाधीशाच्या पुस्तकात ते कबूल केलेलं नाही. चारशे वर्षं तळाशी बसून रांजणांनीच काय ती टीप लिहिली.

त्या दालनातून निघताना तिथल्या पहारेकऱ्याला मी बागोओंग कुठे चांगलं मिळेल ते विचारलं. त्याने आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग कागदावर बाजाराचं नाव लिहून दिलं. ती बरणी आमच्या फ्रिजमध्ये चार पिशव्यांत गुंडाळून आहे. कैरीच्या दिवसांत उघडतो.

शेवटी एक पान राहिलं. १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं सान फेलिपे नावाचं गलबत वादळात जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्यावरून जे बिनसत गेलं त्याचा शेवट ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस ख्रिस्ती माणसांना क्रूसावर चढवण्यात झाला. मोर्गा तेव्हा मनिलात होता आणि त्याने ती हकिगत सविस्तर दिली आहे. त्या सव्वीस जणांत एक गोन्सालो गार्सिया. आमचा. वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जपानी उत्तम बोलायचा म्हणून १५९३ मध्ये मनिलाहून जपानला गेलेल्या फ्रान्सिस्कन शिष्टमंडळात दुभाष्या होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याची गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती की ती गोष्टच वाटायची. बाजारभाव, गलबतांची नावं आणि विड्याची कृती देणाऱ्या एका सरकारी माणसाच्या पुस्तकात ती समोर आली तेव्हा अंगावर काटा आला.

त्या हकिगतीत मोर्गाने एक पत्र जसंच्या तसं दिलंय. भर थंडीत नागासाकीकडे नेत असताना मार्तिन दे आगिर्रे या साधूने वाटेतून त्यालाच लिहिलेलं. सुरुवात होते निरोपाने, डॉक्टर, निरोप घेतो. माझी पापं न बघता देवाने मला चोवीस जणांच्या सोबतीत घेतलंय, असं म्हणतो. दोघं पुढे वाटेत वाढले म्हणून सव्वीस. त्या चोवीसांत सहा जण आम्ही संत फ्रान्सिसचे बंधू आणि अठरा जपानी, असं तो मोजून सांगतो. पत्रात त्या सहांची नावं नाहीत. मरायला निघालेला माणूस नावं कुठे लिहीत बसेल.

माझ्या प्रतीत त्या पानाखाली झेरॉक्सवाल्या पोराने सांगितल्याप्रमाणे दोन बोटं जागा सोडली आहे. मी पेन्सिलीला टोक केलं आणि 'सहा' या शब्दावर बारीक फुली मारून खाली लिहिलं: यांतला एक वसईचा.